गावात नव्याने काम करणाऱ्यांसाठी: बोलणं पोचतं कसं आणि अडतं कुठं

10 लिटर पाण्याला 20 मिली. फवारणीच्या औषधाचा निरोप यापेक्षा छोटा करता येत नाही. तरी तो वावरापर्यंत जाईस्तोवर चार ठिकाणी बिघडू शकतो. कृषी सहायक दुकानदाराला सांगतो, दुकानदार शेतकऱ्याला, शेतकरी घरी, आणि घरून कुणीतरी सालदाराला. पाठीवरचा हातपंप बहुतेक ठिकाणी 15 नाहीतर 16 लिटरचा असतो, म्हणजे पंपाला 30 किंवा 32 मिली पडायला हवं. हा गुणाकार करायचा कुणी, ते ठरलेलंच नसतं. मापाचा पेला हरवलेला असतो, म्हणून बाटलीचं टोपण वापरात येतं. टोपण किती मिलीचं, हे कुणी पाहत नाही. शेवटी फवारणारा म्हणतो, "पंपाले दोन टोपणं." हे बरोबर की चूक, ते आता कुणालाच सांगता येत नाही.

विदर्भातल्या गावांत नव्याने रुजू झालेल्या आशाताई, कृषी सहायक, ग्रामसेवक, शिक्षक, बचत गटांसोबत काम करणारे कार्यकर्ते, सगळ्यांपुढे रोज असाच एखादा निरोप असतो. तो पोचवायचा कसा, यासाठी हा लेख.

निरोपाचे भाग

पुस्तकात संवादाचे घटक एकाखाली एक दिलेले असतात: सांगणारा, निरोप, निरोपाला दिलेलं रूप, माध्यम, ऐकणारा, त्याने लावलेला अर्थ, प्रतिसाद, अडथळा आणि प्रसंग. फवारणीच्या उदाहरणात ते सगळे आहेत. सांगणारा कृषी सहायक. त्याच्या डोक्यात असलेली गोष्ट त्याने "10 लिटरला 20 मिली" या शब्दांत बांधली. माध्यम म्हणजे तोंडी बोलणं, तेही चार तोंडांतून. खरा ऐकणारा फवारणारा माणूस. पण बोलणं झालं दुकानदाराशी, आणि पहिली चूक तिथेच झाली. अर्थ लावताना लिटरचा पंप झाला आणि मिलीचं टोपण. आणि प्रतिसाद? तो कुणी मागितलाच नाही.

यातला अडथळा हा शब्द तारांच्या जगातून आला. क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने 1948 मध्ये बेल लॅबोरेटरीजमध्ये असताना संदेशवहनाचा सिद्धांत मांडला. तारेतून संदेश जाताना वाटेत खरखर मिसळते, तर तिकडे तो शाबूत कसा मिळेल, हा त्याचा प्रश्न होता. तारेला अर्थाशी देणंघेणं नसतं. माणसांच्या बोलण्याला ही आकृती लावल्यावर ती एकेरी पडते, हे पुढे लक्षात आलं आणि तिला उलटा बाण जोडला गेला. तो बाण म्हणजे प्रतिसाद. नवख्या माणसाचं काम बहुधा याच बाणापाशी अडतं. बोलून झालं की काम झालं असं त्याला वाटतं.

गावातले अडथळे ओळखीचे आहेत. लाऊडस्पीकरचा आवाज, गेलेली लाइन, मोबाइलला रेंज नसणं हे डोळ्यांना दिसतात. न दिसणारे जास्त त्रास देतात: अनोळखी शब्द, सांगणाऱ्याबद्दलचा जुना राग, आधीच्या योजनेत झालेली फसगत, ऐकणाऱ्याच्या डोक्यात घोळत असलेला पीककर्जाचा हप्ता.

प्रकार, आणि कुठला कशासाठी

बोलणं, लिहिणं, न बोलता सांगणं आणि चित्राने दाखवणं, हे चार प्रकार कामापुरते पुरेत. समोरासमोर, गटात की सगळ्या गावाला, ही दुसरी विभागणी. तिच्यात वेळ घालवण्यापेक्षा कुठल्या निरोपाला कुठला प्रकार जोडायचा, ते शिका.

पटवायचं असेल, शंका निघणार असतील, विषय नाजूक असेल, तर समोरासमोर बोला. तारीख, रक्कम, कागदपत्रांची यादी असेल तर तोंडी सांगून वर लेखीही द्या. करून दाखवण्यासारखं असेल, उदाहरणार्थ बीजप्रक्रिया किंवा हात धुणं, तर बोलणं कमी करा आणि करून दाखवा. मग त्यांच्याकडून करून घ्या. दवंडी, मंदिराचा भोंगा, व्हॉट्सॲपचा गट यांचा उपयोग "केव्हा, कुठं, कशासाठी" एवढ्यापुरता. भोंग्यावरून योजनेच्या अटी समजावणारे आजही भेटतात. ऐकणारा त्या वेळी निंदण करत असतो, त्याच्यापर्यंत फक्त आवाज जातो.

चित्राचं एक उदाहरण प्रत्येकाने तोंडपाठ ठेवावं. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल सगळ्यांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यांतल्या त्यात सौम्य. वाचता न येणाऱ्यालाही हे कळावं, अशी ती खूण आहे. पण "हिरवा म्हणजे पिकाला चांगला" असा अर्थ लावणारे असतात, कारण त्रिकोणाचा अर्थ त्यांना कुणी सांगितलेला नसतो. 2017च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून जास्त शेतकरी आणि मजूर दगावले. कारणं अनेक होती: औषधांची मिश्रणं, डोक्याएवढी वाढलेली पऱ्हाटी (कपाशी), उन्हात अंगभर कपडे आणि मास्क न घालता केलेलं काम. सगळा दोष निरोपावर टाकता येत नाही. पण डब्यावर बारीक अक्षरात छापलेली सूचना आणि फवारणारा माणूस यांच्यात किती अंतर असतं, ते तेव्हा सगळ्यांना दिसलं.

न बोलता सांगण्याबद्दल प्रशिक्षणात हटकून एक आकडा येतो: 7 टक्के शब्द, 38 टक्के आवाज, 55 टक्के चेहरा. तो आकडा विसरा. आल्बर्ट मेहराबियन यांनी 1967 मध्ये केलेल्या प्रयोगांतून तो आला. त्यांत सुटे शब्द, आवाजाचा सूर आणि चेहऱ्याचे फोटो वापरून बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही, एवढंच लोकांना ओळखायला लावलं होतं. पीकविम्याची शेवटची तारीख सांगताना शब्दांचं वजन 7 टक्के असतं, असा त्याचा अर्थ होत नाही. खरं एवढंच की शब्द आणि चेहरा यांचं जुळलं नाही, तर लोक चेहऱ्यावर विश्वास ठेवतात. घड्याळाकडे पाहत "सावकाश विचारा" म्हणालात, तर कुणी विचारणार नाही.

जाण्याआधी

पहिलं काम कागदावर. निरोप एका वाक्यात लिहा, आणि वाक्यात कुणी, काय, कधीपर्यंत करायचं हे तिन्ही असू द्या. "स्वच्छतेचं महत्त्व पटवणे" हा निरोप होत नाही. "ज्या घरी हगवण लागलेलं लेकरू आहे, त्यांनी ओआरएसचं अख्खं पाकीट 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकाच वेळी टाकावं आणि ते पाणी 24 तासांत संपवावं, उरलं तर फेकावं" हा निरोप आहे. वाक्य होत नसेल तर तुम्हालाच विषय अजून नीट कळलेला नाही.

मग मापं ऐकणाऱ्याच्या मापांत बदला. कार्यालयाचा कागद हेक्टरमध्ये बोलतो, गाव एकरात. एक हेक्टर म्हणजे साधारण अडीच एकर. सोयाबीनचं बियाणं हेक्टरी 75 किलो लिहिलेलं असेल, तर तुम्ही एकरी 30 किलो सांगा. 1 लिटर पाणी म्हणण्याऐवजी 1 लिटरची पाण्याची बाटली हातात धरून दाखवा. ओआरएस चुकतं ते नेमकं इथे: पाकिटातली चिमूट पेल्यात टाकून पाजतात, "थोडं थोडं देऊ, पुरेल" म्हणून. पाणी कमी पडलं तर द्रावण दाट होऊन अपाय होतो, जास्त झालं तर उपयोग उरत नाही. हे कारण दोन वाक्यांत सांगितलंत तर पाकीट अख्खं फुटतं. झिंकच्या गोळ्यांचंही तसंच. हगवण थांबली की गोळी बंद होते, कारण 14 दिवस का द्यायची ते कुणी सांगितलेलं नसतं.

एका भेटीत तीन गोष्टींपेक्षा जास्त सांगू नका. चौथी असेल तर पुढच्या वारी.

वेळ गाव ठरवतं. मे महिन्यात चंद्रपूर-वर्ध्याकडे दुपारी पारा 45च्या वर जातो. तेव्हा सकाळी 8च्या आत किंवा दिवेलागणीनंतर. पेरणी सुरू झाली की बैठकीचं नाव काढू नये. कापूस वेचणीच्या दिवसांत बाया अंधार पडायच्या बेताला घरी येतात, मग चूल. त्यांच्याशी बोलायचं तर रात्री 8 नंतर, नाहीतर वावरात जाऊन दुपारच्या शिदोरीच्या वेळी. गडचिरोली-गोंदियाच्या जंगलपट्टीत मोहफुलांच्या आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत गाव पहाटेच रानात गेलेलं असतं. पोळा आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा कॅलेंडरवर आधीच खुणावून ठेवा.

शब्द

नवखा माणूस पुण्या-नाशिककडचा असो की नागपूर शहरातला, इथे त्याला सगळ्यांत जास्त दगा देतो तो शब्द. सांबार म्हणजे इथे कोथिंबीर. "सकाऊन या" म्हटलं तर बऱ्याचदा उद्या या, आज सकाळी नव्हे. "काहून" म्हणजे का. "करून राहिलो" म्हणजे काम आता चालू आहे. करून झालं असं समजू नका. शेत हे वावर, कपाशी ही पऱ्हाटी, खुरपणी म्हणजे निंदण, कोळपणी म्हणजे डवरणी. पूर्वेकडे धानाच्या पट्ट्यात भात लावणी ही रोवणी आणि धानाचं खाचर म्हणजे बांधी. माहितीपत्रकात "आंतरमशागत" छापलेलं असतं. तुम्ही "डवरणी आणि निंदण" म्हणा, काम सोपं होतं.

मात्र बोलीची नक्कल करू नका. "मले-तुले" तुमच्या तोंडी मुरलेलं नसेल तर ते टिंगल केल्यासारखं ऐकू येतं. वस्तूचं आणि कामाचं नाव गावचं घ्या, वाक्य तुमचं राहू द्या.

काही ठिकाणी मराठी हीच दुसरी भाषा असते. मेळघाटात, धारणी-चिखलदऱ्याकडे, कोरकू. यवतमाळात कोलामी आणि बंजारा तांड्यांवर गोरमाटी. गडचिरोलीत गोंडी, भामरागडकडे माडिया. कोरकू तर मुंडा भाषाकुळातली, मराठीशी तिचं नातंच नाही. तिथे दुभाषी लागतो. दुभाष्याला निरोप आदल्या दिवशी समजावून सांगा. एका वेळी एकच वाक्य बोला आणि थांबा. बोलताना नजर ऐकणाऱ्या बाईकडे ठेवा, दुभाष्याकडे नको. तुमच्या पाच वाक्यांचं त्याने एकच वाक्य केलं तर विचारा, राहिलं काय. बाळंतपणाच्या, पाळीच्या गोष्टींसाठी शाळकरी पोराला दुभाषी करू नका. सोय वाटते, पण ती बाई निम्मं बोलणारच नाही.

हाक मारताना वडीलधाऱ्यांना काका, बाबाजी, मावशी, आजी. बरोबरीच्यांना भाऊ, ताई, वहिनी. कुणालाही "तुम्ही". गावातले लोक आपल्या म्हाताऱ्या आईला "तू" म्हणत असतील. तो हक्क त्यांचा. लोक तुम्हाला "साहेब" किंवा "मॅडम" म्हणत असतील, तर साहेबाला जे ऐकायला आवडतं तेच उत्तर मिळणार, हे धरून चाला.

दारात आणि ओट्यावर

गेल्या गेल्या विषय काढू नका. जेवण झालं का, पाणी कसं आहे, पऱ्हाटी कुठवर आली, एवढी दोन मिनिटं द्या. पाणी दिलं तर घ्या. मग कुठून आलात, कशासाठी आलात आणि किती वेळ लागेल ते सांगा. "10 मिनिटं बोलायचं आहे" म्हटल्यावर माणूस निवांत बसतो. त्यानंतर 10 मिनिटंच बोला.

अंतर राखा. एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने 1960च्या दशकात याची मापं मांडली: 45 सेंटिमीटरच्या आत अगदी जवळची माणसं, तिथून सव्वा मीटरपर्यंत ओळखीची, त्यापुढे साडेतीन मीटरपर्यंत कामाची. मापं त्यांच्या देशातली आहेत, इकडे बस भरली की ती संपतात. पण दारातल्या बाईशी बोलताना पुरुषाने उंबऱ्याच्या बाहेर, दोन-तीन हातांवर थांबावं. ती खाली बसली असेल तर तुम्हीही बसा. खुर्ची दिली तर घ्या, पण मग बाकीचे जमिनीवर असताना वरून बोलणं होतं, तेवढं लक्षात असू द्या.

प्रश्न विचारल्यावर मनात पाचपर्यंत मोजा. नवख्याला ती शांतता सोसत नाही, दुसऱ्याच सेकंदाला तो स्वतःच उत्तर देतो. तिसऱ्या-चौथ्या सेकंदाला येणारं उत्तर अनेकदा खरं असतं. आणि प्रश्न असा विचारा की "हो" म्हणून सुटता येऊ नये. "फवारताना मास्क बांधता का?" याला हो येणारच. "काल फवारताना अंगावर काय काय घातलं होतं?" हे विचारा.

"हो" आणि "पाहू"

मान डोलावत आलेलं "हो, हो" म्हणजे बहुतेक वेळा "ऐकून राहिलो, बोला". तो होकार समजून रजिस्टरमध्ये नाव लिहिणारे पुढच्या आठवड्यात चिडतात. "पाहू" किंवा "सांगतो मंग" हा बहुधा सभ्य नकार असतो. त्यामागे घरातल्या मोठ्या माणसाला विचारायचंय, पैसे नाहीत, किंवा मागच्या वेळचा अनुभव वाईट आहे, यांपैकी काहीतरी. "काहून?" असं थेट विचारलं तर माणूस आक्रसतो. "कोणती अडचण येईल असं वाटतं?" असं विचारलं तर बोलतो.

पोचलं की नाही हे तपासायला "समजलं का?" कधीही विचारू नका. नाही म्हणायला लाज वाटते. त्याऐवजी जबाबदारी स्वतःकडे घ्या: "मी नीट सांगितलं की नाही ते पाहायचं आहे. आता घरी भाऊ आले की त्यांना कसं सांगाल, ते मला सांगा." त्यांच्या तोंडून 30 मिली आलं तर पोचलं. "दोन टोपणं" आलं तर दोष तुमच्या सांगण्यात. पुन्हा सांगा, या वेळी त्यांच्याच घरचं टोपण औषधाच्या मापाने भरून मोजा, त्याचे मिली बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहा आणि ते टोपण त्या कामाखेरीज वापरू नका असं बजावा. मग परत विचारा. नवख्यांना हे बालिश वाटतं, म्हणून ते गाळतात; लेखातलं एकच पाळायचं असेल तर हे पाळा.

ही रीत विदर्भाला नवी नाही. गाडगेबाबांचं कीर्तन प्रश्नांवर चालायचं. ते विचारायचे, लोक उत्तर द्यायचे, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघायचा. ऐकणारा झोपू शकत नव्हता, आणि कुठवर कळलं ते बाबांना त्याच क्षणी कळत होतं.

गावाची बैठक

बैठकीत गोल बसा. टेबल-खुर्ची एका बाजूला मांडली की मागच्या ओळीत बसलेल्या बाया संपल्या. त्यांचं मत हवं असेल तर आधी त्यांची वेगळी बैठक घ्या. कायद्यातही नियमित ग्रामसभेआधी महिला सभा आहे, ती कागदावर उरकू नका. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांत जी संख्या कमी ती. अनेक गावांत सह्या झाल्या की अर्धे लोक उठून जातात. गणपूर्ती झाली, निरोप गेला नाही. विषय आधी, सह्या नंतर, एवढ्या बदलानेही फरक पडतो.

गडचिरोलीत धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) गाव एकमताने निर्णय घेण्यासाठी ओळखलं जातं. तिथे निर्णयाआधी अभ्यासगटात विषय चघळला जातो, बाहेरच्या जाणकारांना बोलावून माहिती घेतली जाते, आणि निर्णय सगळं गाव घेतं. 2009 मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, त्यामागे ही वर्षानुवर्षांची बोलण्याची सवय होती. तुमच्या एका बैठकीत तसं काही होणार नाही. पण माहितीची बैठक आणि निर्णयाची बैठक वेगळ्या दिवशी ठेवणं कुणालाही जमतं.

दोन-तीन जण बोलत राहिले तर त्यांना गप्प करू नका, "बाबाजींचं झालं, आता त्या कोपऱ्यातून ऐकू" म्हणून हात दाखवा. राजकारणाचा जुना वाद निघाला तर तो मुद्दा कागदावर लिहून घेतल्याचं दाखवा आणि पुढे चला.

लेखी आणि फोनवर

सूचना फलकावर सात ओळींच्या वर नको. वर तारीख-वार-वेळ, मग काम, मग आणायचे कागद, खाली कुणाला विचारायचं. "संबंधितांनी नोंद घ्यावी" हे वाक्य कुणालाच उद्देशून नसतं, ते काढा. अर्ज देताना दोन प्रती घ्या. दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, सही आणि शिक्का घ्या. पोच म्हणजे लेखी प्रतिसाद. ती नसेल तर अर्ज दिला हे सिद्ध करायला काहीच उरत नाही. हे गावकऱ्यांनाही शिकवा.

व्हॉट्सॲपवर आवाजाचा निरोप 40 सेकंदांच्या आत ठेवा आणि पहिल्या पाच सेकंदांत तारीख सांगा. पीडीएफ पुढे ढकलू नका. घरातला फोन बहुधा एकच, तो पोराच्या हातात, आणि डेटा संपलेला. अंगठा आला म्हणजे वाचलं असं नाही.

आणि निरोप चुकीचा गेला तर? त्याच दिवशी, त्याच वाटेने दुरुस्त करा. भोंग्यावर गेला असेल तर भोंग्यावर, गटात गेला असेल तर गटात. आधी "काल मी 12 तारीख सांगितली ती चुकली" असं स्पष्ट म्हणा, मग नवी तारीख दोनदा सांगा. नुसती नवी तारीख टाकली तर गावात दोन्ही तारखा फिरत राहतात. गटातला जुना निरोप सगळ्यांसाठी खोडा. मुदत गेल्यामुळे खोडता येत नसेल तर त्यालाच उत्तर म्हणून दुरुस्ती लिहा. फलकावरचा कागद फाडा, त्यावर दुसरा चिकटवू नका. ज्यांनी निरोप पुढे नेला होता, दुकानदार, कोतवाल, बचत गटाची अध्यक्ष, त्यांना एकेक फोन करा आणि नवी तारीख त्यांच्या तोंडून ऐकूनच फोन ठेवा.